पीक कुणाचं, जमीन कुणाची? सीनाकाठचा एक सामाईक गट आणि घाटकोपरची सही

या प्रकरणात पंचनामा झाला होता, दर ठरला होता, शासन निर्णय निघाला होता आणि तालुक्याला पैसाही आला होता. तरी सोलापूर जिल्ह्यातल्या सीना नदीकाठच्या या कुटुंबाला दिवाळीआधी एक रुपया मिळाला नाही. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यांच्या मोबाइलवर बँकेचे मेसेज आले, यांच्याकडे काहीच नाही. अडचण गावात शोधून सापडली नसती. ती घाटकोपरच्या भटवाडीत होती. तिथे राहणारी बहीण संमतीपत्रावर सही करत नव्हती, आणि तिची शंका रास्त होती.

मी चेंबूरला एका वकिलांकडे मसुदे लिहायचं काम करतो. संध्याकाळी मानखुर्द, गोवंडी, घाटकोपर, विक्रोळीची माणसं गावाकडच्या जमिनीचे कागद घेऊन येतात. 2025 च्या पुरानंतर ही ये-जा फार वाढली. हेक्टरी किती मिळणार हे लोकांना पाठ होतं. ते विचारायचे, आमचं नाव यादीत का नाही? मुंबईत राहणाऱ्या हजारो कुटुंबांची नावं गावच्या सातबाऱ्यावर आहेत, आणि पूरमदतीची वाट त्या नावांमधूनच जाते. हे प्रकरण त्यासाठी सविस्तर लिहावंसं वाटलं. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नावं, गाव, तालुका मुद्दाम दिलेला नाही. घरात ज्या नावाने हाक मारतात तेच इथे वापरतो: थोरले अण्णा, मधली बहीण अक्का, धाकटा बापू आणि गावी अण्णांजवळ राहणारी आई.

जमीन आणि तिच्यावरची नावं

जमीन 2 हेक्टर 40 आर, म्हणजे सहा एकर. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून विकत घेतलेली. वडील 2021 मध्ये वारले. वारसनोंद लांबत गेली, कारण कुणाला घाई नव्हती. अण्णा कसत होते, बापू मानखुर्दला रिक्षा चालवत होता आणि अक्का लग्नानंतर घाटकोपरला आलेली. 2025 च्या एप्रिलपासून महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, तीही गावातच. या मोहिमेत वडिलांचं नाव कमी होऊन आई, अण्णा, अक्का आणि बापू अशी चार नावं सामाईकात लागली. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन, मृत्युपत्र नाही, म्हणून हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे चौघांचा हिस्सा सारखा.

मोहीम चांगलीच होती. ती झाली नसती तर पुराच्या वेळी सातबाऱ्यावर मयत माणसाचं नाव असतं आणि मदत आणखी लांबली असती. पण वारसनोंद झाली म्हणजे वाटणी झाली असं नव्हे. चार नावं एका गटावर, म्हणजे एकाच क्रमांकाच्या जमिनीवर, आली, कुणाचा तुकडा कुठला हे ठरलं नाही, आणि त्या खरिपात पेरणी नेहमीसारखी एकट्या अण्णांनी केली. 1 हेक्टर 60 आरवर सोयाबीन आणि तूर, 40 आरवर खरिपाचा कांदा. उरलेले 40 आर नदीच्या अंगाला, तिथे जनावरांचा चारा. ऑगस्टमध्ये अण्णांनी शेतात उभं राहून मोबाइलवर ई-पीक पाहणी, म्हणजे कुणी काय पेरलंय याची फोटोसकट सरकारी नोंद, केली होती. पुढे याच नोंदीचा उपयोग झाला.

पूर

सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात मराठवाड्यात आणि सोलापुरात पावसाने कहर केला. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांमधून पाणी सोडावं लागलं. सीनेचं पात्र ते पेलू शकलं नाही. सोलापूर-पुणे महामार्गही लांबोटीच्या पुलापाशी बंद ठेवावा लागला. अण्णांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. आई आणि नातवंडं आधीच गावठाणातल्या शाळेत नेली होती, म्हणून माणसं वाचली. पाणी उतरल्यावर सोयाबीन काळं पडलेलं होतं, कांदा सडलेला होता, विहीर गाळाने भरलेली होती आणि नदीकडचे 40 आर खरडून गेले होते. तिथे माती उरली नव्हती, खालचा मुरूम उघडा पडला होता. दावणीच्या दोन गाई वाहून गेल्या होत्या.

पंचनाम्याला ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी असे तिघं मिळून आले. लोक अजूनही तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असंच म्हणतात. मोबाइलवर काढलेले फोटोही पुरावा म्हणून धरले जातील असं सरकारने सांगितलं होतं आणि त्याप्रमाणे ते धरले गेले. त्या अधिकाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. एकेका माणसाकडे दोन-तीन गावं, रस्ते तुटलेले, काहींची स्वतःची घरं पाण्यात. पंचनामा चोख झाला होता.

मिळायला हवे होते किती

7 ऑक्टोबर 2025 रोजी मुख्यमंत्र्यांनी 31,628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. 68 लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रावरच्या पिकांचं नुकसान त्यात धरलं होतं. मूळ दर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या निकषांचे. जिरायत पिकाला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिकाला 22,500. निकषात मर्यादा 2 हेक्टरांची, राज्याने ती 3 हेक्टर केली. शिवाय रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी 10,000 वेगळे. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी 47,000 रोख आणि ती पुन्हा उभी करायला रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची कामं. दुधाळ जनावराला 37,500, गाळ भरलेल्या किंवा खचलेल्या विहिरीला 30,000.

दरांवरून बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. 2024 च्या जानेवारीत राज्याने हेच दर 13,600, 27,000 आणि 36,000 केले होते. 2025 च्या मे महिन्यात ते परत मूळ निकषांवर आणले गेले आणि चार महिन्यांत हा पूर आला. एकरी सोयाबीनचा खर्च ज्याला माहीत आहे त्याला 8,500 हा आकडा किती तोकडा आहे ते सांगायला नको. पण या कुटुंबाचा प्रश्न दराच्याही अलीकडे अडलेला होता.

अण्णांच्या गटाचा हिशेब असा बसत होता. सोयाबीन-तुरीचे 1.60 हेक्टर, 8,500 च्या दराने 13,600. कांद्याचे 40 आर, बागायतीच्या 17,000 च्या दराने 6,800. पीक गेलेल्या 2 हेक्टरांचे रब्बीसाठी 20,000. खरडलेल्या 40 आरांचे 18,800. एकूण 59,200 रुपये. गाई आणि विहीर वेगळी.

यादी

गावची यादी लागली तेव्हा या गटापुढे ‘सामाईक, संमतीपत्र नाही’ असा शेरा होता. पद्धत अशी की सामाईक गटाची रक्कम एकाच्या खात्यावर जायची असेल तर बाकीच्यांनी लेखी संमती द्यायची. संमतीपत्राचा नमुना गावातून व्हॉट्सॲपवर बापूकडे आला. बापूने न वाचता सही केली. आईने अंगठा दिला. नमुना अक्काकडे गेला आणि तिथे थांबला.

घरात याचा अर्थ लगेच लावला गेला. अक्काला हिस्सा हवाय. पुरात घर वाहून चाललंय आणि ही मुंबईत बसून अडवतेय. वहिनीने फोनवर दोन शब्द जास्त बोलले. अक्काने फोन उचलणं बंद केलं. भाऊबिजेला अण्णा येऊ शकले नाहीत, बापू एकटाच गेला आणि ओवाळणी झाल्यावर विषय काढून वाईटपणा घेऊन परत आला. त्यानंतर तो माझ्याकडे आला तो रागातच. अक्का सही करत नाही, तिला नोटीस काढता येईल का, हा त्याचा पहिला प्रश्न. मी आधी तो कागद मागितला.

कागदाचं शेवटचं वाक्य असं होतं: ‘सदर गटातील संपूर्ण अनुदानाची रक्कम थोरल्या भावाच्या नावे जमा करण्यास आमची संमती असून याबाबत भविष्यात आमचा कोणताही हक्क अथवा दावा राहणार नाही.’

‘याबाबत’ म्हणजे कशाबाबत? अनुदानाबाबत की गटाबाबत? कागद लिहिणाऱ्याच्या मनात अनुदानच असणार. पण वर गट नंबर आहे, संपूर्ण क्षेत्राचा आकडा आहे, चौघांची नावं आहेत आणि खाली हक्क राहणार नाही असं लिहिलंय. मसुदे लिहिणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि मीही या कागदावर डोळे झाकून सही केली नसती.

अक्का काय म्हणाल्या

अक्कांना मी बापूबरोबर न जाता वेगळा भेटलो. त्या भटवाडीत पोळीभाजी केंद्र चालवतात, दुपारी दोननंतर मोकळ्या होतात. पिठाचे हात धुऊन त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत नव्या सातबाऱ्याची रंगीत झेरॉक्स होती, चार नावांची. तिसऱ्या नावाखाली पेनाने रेघ मारलेली होती.

“आमच्या आत्याचं असंच झालं,” त्या म्हणाल्या. “सोसायटीच्या कर्जाला सही पाहिजे म्हणून नेली. पुढं उतारा काढला तर नाव न्हाय. आत्या जाईस्तोवर त्येच बोलायची. मला पैसा नको, भाऊ. अण्णानं घाम गाळलाय, त्यानं घ्यावा. पर सही केली की नाव जातंय का ऱ्हातंय, हे मला कुणी सांगाल का?”

महिनाभर घरातल्या एकानेही त्यांना हे उत्तर दिलं नव्हतं, कारण उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. कचेरीतून नमुना आला, पण त्या सहीने काय होतं आणि काय होत नाही हे सांगणारी एक ओळही त्याबरोबर आली नाही.

खरं उत्तर साधं आहे आणि मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक बहिणीला ते माहीत असायला हवं. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र करावं लागतं आणि ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं. साध्या कागदावरच्या संमतीने मालकी जात नाही. पण हेही तितकंच खरं की गावोगावी बहिणींची नावं साध्या जबाबावर, वर्दी अर्जावर कमी झालेली आहेत. फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, मंजूर होऊन जातो, बहिणीला दहा वर्षांनी कळतं, मग अपील, विलंब माफीचा अर्ज आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. कायदा अक्कांच्या बाजूने होता, अनुभव नव्हता. त्या अनुभवावर चालत होत्या. त्यांना अडवणूक करणारी ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय होता, हे मी बापूला स्पष्ट सांगितलं.

दोन कागद

अक्कांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली, ती या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. 59,200 ही एक रक्कम नाहीच. तिच्यात दोन वेगळी नुकसानं आहेत. सोयाबीन, तूर, कांदा यांचं नुकसान अण्णांचं आहे. बी त्यांनी आणलं, खत त्यांनी टाकलं, फवारणीची उधारी त्यांच्या नावावर. रब्बीची पेरणीही तेच करणार. तेव्हा 40,400 रुपये कसणाऱ्याचे. पण नदीने 40 आर माती नेली ती चौघांची. ती जमीन उद्या विकली, वाटली, तरी तेवढी किंमत चौघांचीही कमी झाली. ते 18,800 खातेदारांचे, प्रत्येकी 4,700.

कचेरीच्या नमुन्याने ही दोन्ही नुकसानं एकाच सहीत बांधली होती आणि गाठ तिथेच बसली होती.

याला निकषांचाही आधार निघाला. खरडलेल्या जमिनीची मदत निकषांप्रमाणे अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी, म्हणजे 2 हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्यांसाठी आहे. 2 हेक्टर 40 आर एकट्या अण्णांच्या नावावर धरले तर 2 हेक्टरांची रेघ ओलांडली जाते आणि कुणीतरी आक्षेप घेऊ शकतो. चौघांचे हिस्से धरले तर प्रत्येकाचे 60 आर, चौघंही अत्यल्प भूधारक. म्हणजे अक्कांचं नाव यादीत राहणं अण्णांच्याही फायद्याचं होतं. हे बापूला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग तिथूनच अण्णांना फोन लावला.

मग दोन कागद केले. पहिल्यात फक्त पिकाची आणि रब्बीची मदत. ‘खरीप 2025 मध्ये या गटात प्रत्यक्ष पेरणी थोरल्या भावाने केली असून तशी ई-पीक पाहणीची नोंद आहे. पीक नुकसानीची आणि रब्बी निविष्ठांची मदत त्यांच्या खात्यावर जमा करण्यास संमती आहे. ही संमती एवढ्या रकमेपुरती असून तिच्यामुळे गटातील आमचा हक्क, हिस्सा किंवा अधिकार अभिलेखातील नाव यांत कोणताही बदल होत नाही.’ दुसऱ्यात खरडलेल्या क्षेत्राची मदत चौघांच्या खात्यावर समान जमा करण्याची विनंती. अक्कांनी पहिला कागद दोनदा वाचायला लावला, शेवटचं वाक्य स्वतः वाचलं आणि सही केली. एक प्रत पिशवीत ठेवली.

स्टॅम्पचा एक घोळ मध्येच झाला. एजंटने बापूला 500 चा स्टॅम्प लागेल असं सांगितलं होतं. शंभराचे स्टॅम्प 2024 च्या ऑक्टोबरपासून बंद झाल्याने लोकांना सरळ 500 चा भुर्दंड पडतो, आणि चार माणसांचे चार स्टॅम्प म्हणजे 2,000. कचेरीत विचारलं तर साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालणार होतं. ज्यांना हे विचारायला कुणी नाही त्यांनी किती स्टॅम्प घेतले असतील, याचा विचार मनातून जात नाही.

अक्कांनी आणखी एक गोष्ट केली, ती स्वतःच्या डोक्याने. त्यांना स्वतःचा शेतकरी ओळख क्रमांक हवा होता. शेतीच्या योजनांसाठी आता हा क्रमांक मागतात, तो सातबाऱ्यावरच्या प्रत्येक खातेदाराला वेगळा मिळतो आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांना मदतीसाठी पुन्हा ई-केवायसी करावी लागत नाही, असं सरकारने जाहीर केलं होतं. पण त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि अक्कांचा जोडलेला नंबर कधीच बंद पडला होता. आधार केंद्रात रांग लावून, 75 रुपये भरून त्यांनी नवा नंबर जोडला. नंतर घाटकोपरच्या सेवा केंद्रात बसून नोंदणी केली. पडद्यावर गावाचं नाव, गट नंबर आणि शेजारी स्वतःचं नाव दिसलं तेव्हा त्यांनी तिथल्या मुलाला तो कागद रंगीत छापायला सांगितला.

पैसे आले, पण कुठे?

कागद पोचल्यावर ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी शेरा काढला. दुसऱ्या कागदाला जरा वेळ लागला. एका गटावर चार लाभार्थी भरायचे म्हणजे चार आधार क्रमांक, चार नोंदी. लेखी अर्ज दिल्यावर त्यांनी तेही केलं. नोव्हेंबरच्या शेवटी पिकाची रक्कम वितरित झाल्याचं यादीत दिसू लागलं. अण्णांच्या पासबुकात मात्र काही नाही.

इथेही गाठ मुंबईचीच निघाली. थेट हस्तांतरणाची रक्कम आपण दिलेल्या पासबुकावर जात नाही, आधारशी जे खातं शेवटी जोडलंय त्यात जाते. अण्णा काही वर्षांपूर्वी दुष्काळात मुंबईला आले होते, कुर्ल्याला एका गोदामात हमाली केली. तेव्हा ठेकेदाराने पगारासाठी एक खातं उघडून दिलं होतं आणि आधार तिथेच जोडलेलं राहिलं. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणी तपासली तेव्हा ते कळलं. खातं वापराविना निष्क्रिय झालेलं, पण सरकारी मदत निष्क्रिय खात्यातही जमा होते. पैसे आत, काढायची सोय नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असं खातं सुरू करायला केवायसी बँकेच्या कुठल्याही शाखेत करता यायला हवी. सोलापूरच्या शाखेत अण्णांना ‘मुंबईलाच जा’ असं सांगण्यात आलं. नियमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिल्यावर काम तिथेच झालं. आठ दिवस मात्र गेले.

आठ दिवस म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच विचारावं. पूर ओसरून वाफसा आला की रब्बीचे दिवस मोजके असतात. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, वेळ टळून गेली होती. हरभरा साधायचा होता. कृषी सेवा केंद्राच्या मालकाने बियाणं उधारीवर दिलं म्हणून तो पेरला गेला. सरकारने दिलेले हेक्टरी 10,000 पेरणीसाठी होते, पण हातात पडले तेव्हा हरभरा उगवून आला होता. ते उधारी फेडण्यात गेले.

गाई, विहीर, विमा

हे थोडक्यात सांगतो. एका गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला होता आणि त्या नंबरावर अण्णांचं नाव होतं. तिचे 37,500 मिळाले. दुसरीला बिल्ला मारलेला नव्हता, मृतदेहही सापडला नाही. तिचा दावा बसला नाही. विहिरीचा पंचनामा झाला आहे, यादीत नाव आहे. सोयाबीनचा विमा होता, पण 2025 च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाई राज्याने योजनेतून काढली. आता महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांत उत्पन्न किती निघतं त्यावर सगळं अवलंबून. ज्याचं शेत नदीने धुतलं आणि ज्याचं माळावर वाचलं, दोघं एकाच सरासरीत. हे मला पटत नाही. एक रुपयातला विमा बंद केल्याबद्दल जितकं बोललं गेलं तितकं याबद्दल बोललं गेलं नाही.

यातून प्रशासनाला काय करता येईल

पहिली गोष्ट, संमतीपत्राचा नमुना बदलावा. ‘या संमतीने जमिनीच्या हक्कात बदल होत नाही’ हे एक वाक्य छापील नमुन्यात घालायला खर्च काहीच नाही. ते वाक्य असतं तर अक्कांची सही दिवाळीआधी झाली असती. हे मी अंदाजाने म्हणत नाही, त्या स्वतः तसं म्हणाल्या.

दुसरी गोष्ट मोठी आहे. पिकाच्या मदतीसाठी सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागायचं कारण काय? ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यात चालू आहे. कुणी काय पेरलं याची नोंद, फोटो आणि जागेसकट, सरकारकडेच आहे. ती नोंद असेल तिथे पिकाची मदत कसणाऱ्याला थेट द्यावी आणि बाकीच्या खातेदारांना फक्त कळवावं. कुणाची हरकत असेल तर ती नंतर ऐकता येते. पुराच्या महिन्यात सह्यांची वाट बघता येत नाही. संमती मागायची तर ती जमिनीच्या मदतीसाठी, कारण तिथे खरोखर सगळ्यांचा हिस्सा आहे. यावर असं म्हणता येईल की एखादा भाऊ दुसऱ्याच्या वाट्यावर स्वतःच्या नावाने पाहणी लावून मोकळा होईल. होतं तसं, मी पाहिलंय. पण अशा तक्रारी निघतील त्या गटांपुरत्या निघतील, आणि आज सगळेच सामाईक गट अडकून पडतात.

आणि मुंबईचा विचार वेगळा करायला हवा. मराठवाड्यातली, सोलापूरची, कोकणातली, साताऱ्याची, ज्यांच्या सह्या लागतात अशी माणसं इथे राहतात. संमतीपत्रावर सही घेणारं, नवा नंबर जोडून देणारं, आधारला कुठली बँक लागली आहे ते दाखवणारं एक टेबल पुरानंतर महिनाभर मानखुर्दला, घाटकोपरला, ठाण्याला लागलं तरी गावाकडच्या कचेऱ्यांचा निम्मा ताण हलका होईल. मदतीचे ट्रक मुंबईतून गावाकडे जातात, लोक मनापासून धान्य आणि चारा देतात. त्याच गल्ल्यांमध्ये बसून हे कागदाचं काम करणारी माणसंही उभी करता येतील. शिकलेली पोरं आहेत, तयारही आहेत, त्यांना एक नमुना आणि कुणाला फोन करायचा तो नंबर द्यावा लागेल.

सध्याची स्थिती

जमिनीचे 18,800 चौघांच्या खात्यावर 4,700 प्रमाणे जमा झाले. अक्कांनी आपले पैसे अण्णांना पाठवले नाहीत आणि ते योग्यच केलं. अण्णांनीही मागितले नाहीत. रोजगार हमीतून 40 आरांसाठी 1,20,000 रुपयांपर्यंतचं काम बसतं. त्याला अण्णा आणि वहिनीचं जॉबकार्ड काढून अर्ज दिला आहे. गाळ आणि माती कुठून आणायची हे ठरलेलं नाही, कारण नदीकाठच्या सगळ्याच गावांना माती हवी आहे.

सामाईक गटाची वाटणी करून घ्यायचं चौघांनी ठरवलंय, महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली. अशा वाटणीपत्राची नोंदणी फी सरकारने 2025 च्या मे महिन्यात माफ केली आहे, त्यामुळे खर्च फार येणार नाही. आईचा हिस्सा आई असेपर्यंत अण्णांकडे राहील, यावर एकमत आहे. बापूला रस्त्याकडचा तुकडा हवा. अक्का म्हणतात, नदीकडचा सोडून कुठलाही द्या, पण विहिरीच्या पाण्यात माझा वाटा लिहून द्या. त्यावर बोलणी चालू आहेत.